निर्यातबंदी म्हणजे खरेदी नव्हे

२०२१च्या एप्रिल-मे महिन्यांत लसीकरण केंद्राबाहेर ज्यांनी रांग लावली, त्यांना पुठ्ठ्यावर मार्करने लिहिलेला तो फलक आठवत असेल. ‘आज लस उपलब्ध नाही.’ माझ्या अम्मीचा पहिला डोस मार्चमध्ये झाला होता. दुसऱ्यासाठी रमजानच्या त्या दिवसांत मी तीन वेळा, सहेरी आटोपून, पहाटेच पुण्यातल्या आमच्या भागातील केंद्रावर टोकन घ्यायला गेलो. तिन्ही वेळा तोच फलक वाचून परत आलो. तिसऱ्या दिवशी रांगेतले एक आजोबा चिडून म्हणाले, “इथं मांजरीत बनते आणि आपल्यालाच मिळत नाही. सगळी परदेशात पाठवली ना यांनी!” रांगेतल्या कुणीही त्यांना खोडून काढले नाही. मीही नाही.

जगातील सर्वात मोठा लस-कारखाना आमच्या घरापासून जेमतेम दहा-बारा किलोमीटरवर होता. जानेवारीत तिथून पोलीस बंदोबस्तात, नारळ फोडून लशीचे कंटेनर निघाले, ते आम्ही टीव्हीवर पाहिले होते. चार महिन्यांनी त्याच शहरात लस नव्हती. अशा वेळी ‘परदेशात पाठवली’ हे उत्तर लगेच पटते. दिल्लीत तर हाच प्रश्न विचारणारी पोस्टर भिंतींवर लागली आणि ती लावणाऱ्यांना पोलिसांनी अटक केली.

अटक चुकीचीच होती. पण आज मागे वळून पाहताना वाटते की पोस्टरवरचा प्रश्नही नेमका नव्हता. लस बाहेर का पाठवली, यापेक्षा मोठा प्रश्न होता : लस विकत घ्यायची ऑर्डर कधी दिली होती? साथीच्या दोन वर्षांत केंद्र सरकारने मास्कपासून लशीपर्यंत एकच चूक दोनदा केली. खरेदी वेळेवर केली नाही आणि टंचाई अंगावर आल्यावर निर्यात बंद केली. लोकांनाही ते खरे वाटले. माल देशाबाहेर जाऊ दिला नाही म्हणजे तो आपल्याला मिळणार, असा आपला समज आहे. पण बंदराच्या दाराला कुलूप लावल्याने सरकारी दवाखान्याचे कपाट भरत नाही. ते भरायला कुणीतरी वेळेत मागणी नोंदवावी लागते, दर ठरवावा लागतो, पैसे मोजावे लागतात आणि आलेला माल तपासून घ्यावा लागतो.

चाळीस दिवसांचा मास्क

भारतात कोरोनाचा पहिला रुग्ण ३० जानेवारी २०२० रोजी केरळमध्ये सापडला. दुसऱ्याच दिवशी विदेश व्यापार महासंचालनालयाने मास्क आणि पीपीई किटसह सर्व संरक्षक साहित्याच्या निर्यातीवर बंदी घातली. सरकारला धोका कळला नव्हता, असे त्यामुळे म्हणता येत नाही. पण ८ फेब्रुवारीला हीच बंदी सैल करून सर्जिकल मास्क आणि बहुतेक हातमोजे बाहेर पाठवायला परवानगी देण्यात आली. २५ फेब्रुवारीला आणखी काही वस्तू मोकळ्या झाल्या. ३ मार्चला जागतिक आरोग्य संघटनेने जगभर संरक्षक साहित्याचा तुटवडा असल्याचा इशारा दिला आणि उत्पादन ४० टक्क्यांनी वाढवण्याचे आवाहन केले. आपल्याकडे मास्क आणि त्यासाठी लागणाऱ्या कापडावर पुन्हा बंदी आली ती १९ मार्चला. मधले चाळीस दिवस मास्क बिनदिक्कत बाहेर जात होते.

या चाळीस दिवसांवर त्या वेळी बरीच टीका झाली आणि ती योग्यच होती. पण टीकाकारांचा भर बंदी का उठवली यावरच राहिला. माझ्या मते त्याहून गंभीर गोष्ट वेगळी होती. या काळात सरकारने देशातील कारखानदारांना बसवून ‘आम्हाला इतके किट लागतील, इतक्या दराने, या दर्जाचे, आजपासून बनवायला घ्या’ असे स्पष्टपणे सांगितले असते, तर टाळेबंदी लागेपर्यंत हातात काही साठा असता. केंद्रासाठी खरेदी करण्याची जबाबदारी एचएलएल लाईफकेअर या सरकारी कंपनीकडे होती. पीपीईच्या कापडाची चाचणी करणारी प्रयोगशाळा सुरुवातीला एकच, कोईम्बतूरची. कापड आणि शिलाईचे कारागीर या देशात भरपूर होते. नव्हती ती लेखी मागणी आणि तपासणीची सोय.

परिणाम आपण पाहिला. मार्चअखेर कोलकात्यात डॉक्टर रेनकोट घालून रुग्ण तपासत होते, हरियाणात एका डॉक्टरने मोटरसायकलचे हेल्मेट घातले होते. त्याच आठवड्यांत प्राईम टाईमवर चर्चा कशाची चालली होती, हेही आठवून पाहा. किट कुठे आहेत, हा प्रश्न आरोग्य मंत्रालयाला विचारायचा तर वाहिन्या दिल्लीतील एका मरकजवर अडकल्या होत्या. ऑगस्टमध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने तबलिगी जमातच्या परदेशी पाहुण्यांवरील गुन्हे रद्द केले आणि त्यांना बळीचा बकरा बनवले गेले असण्याची शक्यता नोंदवली. निकाल आला, पण तोपर्यंत खरेदीचा प्रश्न विचारायची वेळ निघून गेली होती. बळीचा बकरा सापडला की हिशेब मागणारे गप्प होतात, हा त्याचा खरा उपयोग असतो.

पुढे काय झाले, तेही महत्त्वाचे आहे. ऑर्डर निघाल्या, चाचणीच्या प्रयोगशाळा वाढल्या आणि मे महिन्यापर्यंत हाच देश दिवसाला लाखोंच्या संख्येने पीपीई किट बनवू लागला. जूनअखेर माल इतका झाला की दरमहा ५० लाख किट निर्यात करायला सरकारनेच परवानगी दिली. निर्यातबंदी असतानाही एप्रिलमध्ये डॉक्टर रेनकोटमध्ये होते आणि निर्यात सुरू झाली तेव्हा मात्र किटची टंचाई नव्हती. फरक पडला तो मागणी नोंदवल्यामुळे.

बंदी घालणारा भारत काही एकटा नव्हता. ४ मार्च २०२० रोजी जर्मनीने मास्कची निर्यात थांबवली, तेव्हा इटलीत मृतांचा आकडा वाढू लागला होता. युरोपीय संघाच्या बंधुभावाची ती मोठी परीक्षा होती आणि पहिल्या आठवड्यांत त्यात सगळे नापास झाले. एकाने दार लावले की दुसराही लावतो. ज्याला कापड बाहेरून लागते त्याचा मास्क अडतो, ज्याला सुटे भाग लागतात त्याचा व्हेंटिलेटर अडतो. आपल्याला औषधांचा कच्चा माल मोठ्या प्रमाणात चीनमधून लागतो. म्हणून तर ३ मार्चला पॅरासिटामॉलसह २६ औषधे आणि कच्च्या घटकांच्या निर्यातीवर निर्बंध आले होते.

हायड्रॉक्सीक्लोरोक्वीनचे नाट्य तर सर्वांना आठवत असेल. २५ मार्चला निर्यातबंदी, ४ एप्रिलला ‘कोणताही अपवाद नाही’ असा आदेश, ६ एप्रिलला अमेरिकेचे अध्यक्ष डोनाल्ड ट्रम्प यांची प्रत्युत्तराची भाषा आणि ७ एप्रिलला निर्यात खुली. हे औषध कोरोनावर चालत नाही, हे नंतर सिद्ध झाले तो भाग निराळा. पण निर्यातबंदी किती तकलादू असते, हे त्या तीन दिवसांनी दाखवून दिले. ज्याच्याकडे ताकद आहे त्याच्यासाठी बंदी उठते, ज्याच्याकडे नाही त्याच्यासाठी ती राहते.

घाईच्या खरेदीची किंमत

वेळेवर खरेदी न करणाऱ्याला शेवटी घाईत खरेदी करावी लागते आणि घाईतल्या गिऱ्हाईकाला बाजार नेहमीच लुटतो. एप्रिल २०२०मध्ये भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने चीनमधून रॅपिड अँटिबॉडी चाचणीची किट मागवली. आयातदार आणि वितरक यांच्यातला वाद दिल्ली उच्च न्यायालयात गेला, म्हणून देशाला कळले की २४५ रुपयांना आयात झालेले किट परिषदेला ६०० रुपयांना पडणार होते. न्यायालयाने दर ४०० रुपयांवर आणला. तोवर राजस्थानने या किटचे निकाल भरवशाचे नसल्याचे सांगून वापर थांबवला होता. अखेर परिषदेने सर्व राज्यांना किट परत करायला सांगितले आणि पैसे दिलेच नसल्याने एक रुपयाचेही नुकसान झाले नाही, असा खुलासा सरकारने केला. पैशाचे झाले नसेल. पण टाळेबंदीतले मोलाचे आठवडे गेले, त्याचा हिशेब कोण देणार?

दुसरे उदाहरण मराठवाड्यातले. पीएम केअर्स निधीतून ५० हजार व्हेंटिलेटरसाठी २ हजार कोटी रुपये ठेवल्याचे मे २०२०मध्ये जाहीर झाले. वर्षभरानंतर, दुसरी लाट शिगेला असताना, औरंगाबादच्या घाटी रुग्णालयाला या योजनेतून मिळालेल्या १५० व्हेंटिलेटरपैकी वापरात आणलेले ११३ सदोष असल्याचे उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठासमोर आले. आधी केंद्राकडून यंत्रे चांगली असल्याचे आणि रुग्णालयालाच ती वापरता येत नसल्याचे सांगितले गेले. न्यायालयाने या पवित्र्यावर नाराजी व्यक्त केली. आता हा निधी माहिती अधिकाराच्या कक्षेत येत नाही, असे पंतप्रधान कार्यालयाचे म्हणणे आहे. म्हणजे यंत्र जनतेच्या देणगीचे, रुग्ण जनतेतला आणि खरेदीचे कागद मात्र जनतेला पाहता येणार नाहीत.

लशीची उशिरा दिलेली ऑर्डर

पहिल्या लाटेत आपण नवखे होतो, हे एक वेळ मान्य करू. पण लशीच्या बाबतीत तशी सवलत घेता येत नाही.

जुलै २०२०मध्ये अमेरिकेने फायझरशी १० कोटी डोसचा करार केला. लस अजून चाचणीत होती, ती फसलीही असती. ऑगस्टमध्ये युरोपीय संघाने अ‍ॅस्ट्राझेनेकाकडे ३० कोटी डोसची मागणी नोंदवली. श्रीमंत देशांनी गरजेपेक्षा कितीतरी जास्त डोस अडवून ठेवले, हा त्यांचा गुन्हाच होता. पण आधी मागणी नोंदवल्याशिवाय कारखाना वाढत नाही, हे त्यांना समजले होते. आपल्याकडे सीरमने स्वतःच्या पैशावर आणि गेट्स फाउंडेशन-गावीकडून मिळालेल्या निधीवर मंजुरीआधीच उत्पादन सुरू केले. सप्टेंबर २०२०मध्ये अदर पूनावाला यांनी उघडपणे विचारले होते की पुढच्या वर्षभरात लशीसाठी सरकारकडे ८० हजार कोटी रुपये असतील का. आरोग्य मंत्रालयाने हा हिशेब आपल्याला मान्य नसल्याचे सांगितले. बरे, मान्य नव्हता तर दुसरा हिशेब मांडायचा होता. तो मांडला गेला नाही.

डिसेंबरअखेर सीरमकडे चार ते पाच कोटी डोस तयार असल्याचे कंपनीने सांगितले होते. ३ जानेवारी २०२१ रोजी मंजुरी मिळाली. केंद्राची पहिली ऑर्डर गेली ११ जानेवारीला, लसीकरण सुरू होण्याच्या पाच दिवस आधी. ती होती १ कोटी १० लाख डोसची. जोडीला कोव्हॅक्सिनचे ५५ लाख. देशात १८ वर्षांवरील लोकसंख्या सुमारे ९४ कोटी. प्रत्येकी दोन डोस म्हणजे १८८ कोटी. अर्थसंकल्पात लशीसाठी ३५ हजार कोटींची तरतूद झाली, म्हणजे पैशाची अडचण नव्हती. तरीही उत्पादन वाढवण्यासाठी सीरमला ३ हजार कोटी आणि भारत बायोटेकला दीड हजार कोटी आगाऊ देण्याचा निर्णय झाला तो १९ एप्रिलला, जेव्हा स्मशाने आणि कब्रस्ताने अपुरी पडू लागली होती. ११ कोटी डोससाठी १,७३२ कोटी ५० लाख रुपये सीरमला २८ एप्रिलला देण्यात आले.

आता निर्यातीकडे येऊ. एप्रिलपर्यंत भारतातून बाहेर गेलेली लस सर्व मिळून साडेसहा कोटी डोसच्या आसपास होती. त्यात सरकारने भेट दिलेले डोस सुमारे एक कोटी. उरलेले व्यापारी करार आणि ‘कोव्हॅक्स’ या जागतिक योजनेचे. साडेसहा कोटी म्हणजे आपल्या १८८ कोटींच्या गरजेच्या साडेतीन टक्के. सीरमचे तेव्हाचे सुमारे एका महिन्याचे उत्पादन. एकही डोस बाहेर गेला नसता, तरी सव्वातीन कोटी लोकांचे लसीकरण पूर्ण झाले असते. त्यातून काही जीव नक्की वाचले असते, ते मी नाकारत नाही. पण मे महिन्यातला तुटवडा त्याने संपला नसता. आजोबांच्या रागाचे कारण खरे होते, पण तो राग भलत्यावरच निघत होता.

एक कारखाना, छत्तीस गिऱ्हाइके

यानंतर जे झाले ते खरेदीशास्त्राच्या पहिल्या धड्यालाच हरताळ फासणारे होते. विकणारे दोन आणि घेणारा एक असेल तर दर घेणाऱ्याच्या हातात राहतो. हे आपल्याकडे भाजी घेणारी बाईही जाणते. १ मेपासून केंद्राने नवे धोरण लागू केले. निम्मी लस केंद्राला, पाव हिस्सा राज्यांना आणि पाव हिस्सा खासगी रुग्णालयांना. १८ ते ४४ वयाच्या लोकांची जबाबदारी राज्यांवर आली. तीच कोव्हिशिल्ड केंद्राला १५० रुपयांना, राज्यांना आधी ४०० आणि टीका झाल्यावर ३०० रुपयांना, खासगी रुग्णालयांना ६०० रुपयांना. लस तीच आणि कारखानाही तोच, पण दर तीन.

महाराष्ट्रापुरते पाहू. या वयोगटात राज्यात ५ कोटी ७१ लाख लोक होते. त्यांच्यासाठी १२ कोटी डोस आणि सुमारे साडेसहा हजार कोटी रुपये लागणार होते. राज्य सरकारने मोफत लस जाहीर केली आणि एकरकमी चेक द्यायची तयारी असल्याचे मुख्यमंत्री उद्धव ठाकरे यांनी सांगितले. पैसे होते, पण बाजारात माल नव्हता. कारण आधीच्या ऑर्डरचा माल अजून निघायचा होता. दोन आठवड्यांच्या आत राज्याला या वयोगटाचे लसीकरण स्थगित करावे लागले. त्यांच्यासाठी घेतलेले पावणेतीन लाख डोस ४५ वर्षांवरील लोकांच्या दुसऱ्या डोसकडे वळवावे लागले.

मग निघाल्या जागतिक निविदा. मुंबई महापालिकेने १२ मे रोजी एक कोटी डोससाठी निविदा काढली. मुदत वाढवली, काही मध्यस्थांचे प्रस्ताव आले, कागदपत्रे जुळली नाहीत आणि जूनच्या सुरुवातीला निविदा गुंडाळावी लागली. इतर राज्यांचा अनुभव वेगळा नव्हता. मॉडर्नाने पंजाबला आणि फायझरने दिल्लीला सरळ सांगितले, आम्ही फक्त केंद्र सरकारशी बोलतो. एखाद्या महापालिकेने जगाच्या बाजारात अमेरिका आणि युरोपशी चढाओढ करून लस आणावी, ही अपेक्षाच मुळात क्रूर होती. त्यात नंदुरबार-गडचिरोलीसारख्या जिल्ह्यांचे काय, जिथे पाव हिस्सा घेणारी खासगी रुग्णालयेच नाहीत?

सर्वोच्च न्यायालयाने ३१ मेच्या आदेशात हे धोरण प्रथमदर्शनी मनमानी आणि तर्कहीन असल्याचे म्हटले. ३५ हजार कोटी कसे खर्च झाले, तेही विचारले. आठवडाभरात, ७ जूनला, पंतप्रधानांनी राज्यांचा पाव हिस्साही केंद्रच विकत घेईल असे जाहीर केले. २१ जूनपासून ते लागू झाले. म्हणजे पन्नास दिवसांचा हा प्रयोग सरकारनेच मागे घेतला. प्रयोग फसला, असे मात्र कुणी म्हटले नाही.

शेजाऱ्यांचा दुसरा डोस

माझ्या अम्मीला दुसरा डोस अखेर मिळाला. मे महिन्यात दोन डोसमधले अंतर १२ ते १६ आठवडे करण्यात आले. ते शास्त्रीय पुराव्यावर केले, असे सांगितले गेले. पण रांगेतल्या माणसाला तो तुटवड्यावरचा उतारा वाटला, तर त्याला दोष देता येत नाही. ते असो. अम्मीला लस मिळाली. आणखी काही अम्मी मात्र सीमेपलीकडे ताटकळत राहिल्या, त्यांचीही आठवण ठेवायला हवी.

बांगलादेशने नोव्हेंबर २०२०मध्येच सीरमच्या तीन कोटी डोसचा करार केला होता. म्हणजे आपल्या सरकारच्या पहिल्या ऑर्डरच्या दोन महिने आधी. दरमहा ५० लाख मिळायचे होते. ७० लाखांवर पुरवठा थांबला आणि पहिला डोस घेतलेले लाखो लोक दुसऱ्यासाठी लटकले. नेपाळने २० लाख डोसचे बहुतांश पैसे आगाऊ भरले होते, निम्मेच मिळाले. तिथल्या ज्येष्ठ नागरिकांनी दुसऱ्या डोससाठी महिने काढले. कोव्हॅक्सची मोठी भिस्त सीरमवर होती. आफ्रिकेतील देशांचे नियोजन त्यामुळे कोलमडले. जानेवारीत ‘व्हॅक्सिन मैत्री’ म्हणून विमानतळांवर ज्या पेट्यांचे स्वागत झाले, त्याच पेट्यांची मार्चनंतर कुणी खबरबात देईना. या देशांनी मग चीनकडे धाव घेतली. परराष्ट्र धोरणात याला काय म्हणतात ते तज्ज्ञ सांगतील. गावच्या भाषेत याला शब्द फिरवणे म्हणतात.

आपणही त्याच वेळी दुसऱ्याच्या दारात उभे होतो, हे विसरू नये. अमेरिकेने संरक्षण उत्पादन कायदा वापरून स्वतःच्या कारखान्यांच्या मागण्यांना प्राधान्य दिले होते आणि लशीसाठी लागणाऱ्या पिशव्या, गाळण्या वगैरे साहित्य आपल्याला मिळेना. १६ एप्रिलला पूनावाला यांनी अध्यक्ष जो बायडेन यांना जाहीर विनंती केली, हा निर्बंध उठवा. म्हणजे अमेरिका आपल्याला अडवत होती आणि आपण नेपाळला. ज्या व्यवस्थेची तक्रार आपण वरच्याकडे करत होतो, तीच आपण खालच्यावर लादत होतो.

जिनिव्हातही हाच विरोधाभास होता. २ ऑक्टोबर २०२० रोजी भारत आणि दक्षिण आफ्रिकेने जागतिक व्यापार संघटनेत कोरोनाच्या लस-औषधांवरील पेटंट साथीपुरते स्थगित करा, असा प्रस्ताव मांडला. अतिशय योग्य आणि अभिमान वाटावा असा प्रस्ताव. पण घरात काय होते? कोव्हॅक्सिन ही वैद्यकीय संशोधन परिषद आणि भारत बायोटेक यांनी मिळून विकसित केलेली लस, म्हणजे तिच्यात जनतेचा वाटा होता. तरी ती बनवण्याची परवानगी परळच्या हाफकिनला मिळाली एप्रिल २०२१च्या मध्यावर. ज्यांच्या नावाने ही संस्था आहे त्या वाल्देमार हाफकिन यांनी १८९७मध्ये याच मुंबईत प्लेगची लस शोधून आधी स्वतःच्या अंगावर टोचून घेतली होती. एवढा वारसा असलेली सरकारी संस्था हाताशी असताना तिची आठवण पहिल्या लाटेत व्हायला हवी होती. कारखाना उभारायला वेळ लागतो, तो ऑक्सिजनच्या सिलिंडरसारखा रात्रीतून आणता येत नाही.

डिसेंबरमधला कारखाना

या कहाणीचा शेवट कमी लोकांना माहीत आहे. नोव्हेंबर २०२१अखेर कोव्हॅक्सला निर्यात पुन्हा सुरू झाली. आणि ७ डिसेंबरला सीरमने सांगितले की केंद्राकडून पुढची ऑर्डर नसल्याने कोव्हिशिल्डचे उत्पादन निम्म्याने कमी करावे लागेल. पुढच्या वर्षी कंपनीने सुमारे १० कोटी डोस मुदत संपून वाया गेल्याचे सांगितले. मे महिन्यात ज्या लशीसाठी पहाटे रांगा लागत होत्या, ती लस वर्षभरात फेकून द्यावी लागली. तेव्हा आफ्रिकेतील अनेक देशांत बहुसंख्य लोकांनी एकही डोस घेतलेला नव्हता. टंचाई आणि नासाडी या एकाच ढिसाळ नियोजनाच्या दोन बाजू आहेत.

सरकारच्या बाजूने एक युक्तिवाद केला जातो आणि तो प्रामाणिकपणे तपासला पाहिजे. लस यशस्वी होईल की नाही हे माहीत नसताना हजारो कोटी कसे गुंतवायचे? उद्या फसली असती तर हेच टीकाकार घोटाळा म्हणून ओरडले असते. यात तथ्य आहे. आपल्याकडे अधिकारी खरेदीच्या फायलीवर सही करायला घाबरतो, कारण चौकशी निर्णय घेणाऱ्याची होते, न घेणाऱ्याची होत नाही. पण साथीत निर्णय न घेण्याची किंमत माणसांच्या जिवाने मोजावी लागते. विम्याचा हप्ता भरला आणि आजार आला नाही, तर तो पैसा वाया गेला असे आपण म्हणत नाही. शिवाय लाट आल्यावर निर्यात थांबवणे कोणत्याही सरकारला भाग पडले असते, हेही मी मान्य करतो. घरात मयत पडत असताना बाहेर माल पाठवा, असे कुणी म्हणणार नाही. माझे म्हणणे एवढेच की ती वेळ खरेदीत दिरंगाई केल्यामुळे आली.

मे २०२५मध्ये जागतिक आरोग्य सभेने महामारी करार स्वीकारला. आणीबाणीतील व्यापारी निर्बंध मोजके, पारदर्शक आणि तात्पुरते असावेत, खरेदी करारांच्या अटी शक्य तितक्या लवकर प्रसिद्ध कराव्यात, असा त्याचा सूर आहे. जिनिव्हाच्या कागदावर सही करणे सोपे असते. आपल्या घरात काय बदलायला हवे, ते आपल्यालाच ठरवावे लागेल.

पहिली गोष्ट, यापुढे साथीत निर्यातबंदीची अधिसूचना निघाली तर तिच्यासोबत एक पान आणखी हवे : देशाला किती माल लागणार, त्यातल्या कितीची मागणी नोंदवली, कुणाकडे, कोणत्या दराने आणि तो कधी मिळणार. हे पान नसेल तर ती बंदी केवळ देखावा समजावी. दुसरी, ज्या वस्तूचे उत्पादक दोन-चारच आहेत तिची खरेदी केंद्राने एकट्याने करावी आणि राज्यांचा वाटा जाहीर सूत्राने ठरावा. तिसरी, बंदीला शेवटची तारीख असावी आणि ज्या देशाने आगाऊ पैसे भरलेत त्याच्या दुसऱ्या डोसची सोय आधी करावी. चौथी, जनतेच्या पैशातून, मग तो कर असो वा देणगी, झालेल्या प्रत्येक खरेदीचे कागद माहिती अधिकारात मिळाले पाहिजेत. आणि पाचवी, हाफकिनसारख्या सरकारी संस्थांना साथ नसतानाच्या काळात काम आणि पैसा मिळत राहिला पाहिजे.

यातले काही अवघड आहे असे नाही. संसार करणाऱ्या कुठल्याही घरात पावसाळ्यापूर्वी धान्य भरून ठेवतात. पाऊस सुरू झाल्यावर दार लावून घेतले म्हणून कणग्या भरत नाहीत. पुढची साथ कधी येईल सांगता येत नाही. ती येईल तेव्हा पुठ्ठ्यावरचा तो फलक पुन्हा दिसला, तर ‘परदेशात पाठवली का’ एवढ्यावर थांबू नका. ऑर्डर कधी दिली होती, ती तारीख विचारा.